वीस जानेवारीपर्यंत गप्प

वीस जानेवारीपर्यंत तोंड मिटून बसलं, तर कुसाका मित्सुनोरीचा फायदा एक कोटी दोन लाख बत्तीस हजार येनचा होता. हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. ओसाकाच्या मिनागी कंपनीत, विक्रीखात्यात एकोणतीस वर्षं काढलेला माणूस हवेतून आकडे काढत नाही. सकाळच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने त्याने हिशेब मांडला होता. उपखातेप्रमुख झालं की पगार महिन्याला बासष्ट हजारांनी वाढणार. निवृत्तीला आठ वर्षं, म्हणजे एकोणसाठ लाख बावन्न हजार. उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा बोनस धरून आणखी चोवीस लाख ऐंशी हजार. निवृत्तीच्या रकमेत अठरा लाखांची भर. शिवाय खुर्ची. उपखातेप्रमुखाच्या खुर्चीची पाठ मानेपर्यंत येते. कुसाकाच्या खुर्चीची पाठ कमरेच्या जरा वर संपायची, आणि बावन्नाव्या वर्षी माणसाला नेमका त्याच्या वरचाच भाग दुखतो. खुर्ची त्याने बेरजेत धरली नव्हती, पण विसरलाही नव्हता.

बदल्यात करायचं काय, तर वर्षाच्या अखेरीपर्यंत गोदामातली तीन लाख हिबारी मशीनं बाहेर काढायची.

हिबारी म्हणजे मिनागीचं व्हिडिओ गेमचं मशीन. पाच वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा लोक दुकानापुढे अंथरुणं टाकून झोपले होते. आता ते दुकानात खालच्या फळीवर गेलं होतं, आणि खालच्या फळीवर गेलेली वस्तू पुन्हा वर चढत नाही. वरच्या मजल्यावर इंजिनियर हिबारी-दोन बनवत होते. पुढच्या जूनमध्ये ते बाजारात यायचं होतं. प्रश्न एवढाच होता, की ते येतंय हे जगाला सांगायचं कधी.

त्यासाठी सप्टेंबरात सात जणांची बैठक बसली. सहा वेळा बसली, खरं तर. सहाव्या वेळी कोणालाही कोणाचं तोंड बघवत नव्हतं.

“नोव्हेंबरात सांगा,” इंजिनियरांचे प्रमुख ओचिआई म्हणाले. पहिल्या बैठकीतही ते हेच म्हणाले होते. “समोरच्या कंपनीचे लोक नोव्हेंबरात त्यांचं मशीन दाखवणार. आपण मुके राहिलो तर गेम बनवणारे झाडून सगळे तिकडे पळतील.”

“नोव्हेंबरात सांगितलं,” कुसाका म्हणाला, “की दुसऱ्या दिवसापासून जुनं मशीन फुकट दिलं तरी गिऱ्हाईक म्हणेल, नको, नवं येईपर्यंत थांबतो. तीन लाख नग आहेत, ओचिआईसाहेब. त्यांचं काय, लोणचं घालू?”

“मग जूनमध्येच सांगा. दुकानात ठेवतानाच पाटी लावा!”

“तोपर्यंत गेम कोण बनवणार? मशीन असेल आणि त्यात घालायला काही नसेल.”

विक्रीखात्याचे प्रमुख हिराइवा यांनी डोळे चोळले. “लवकर नको, उशिरा नको. एकदा तारीख बोला, कुसाका, आणि मला घरी जाऊ द्या.”

“वीस जानेवारी.”

“वीसच का?”

“नव्या वर्षाला मुलांना आत्या-मामा-काका पाकिटातून पैसे देतात. मुलं ते घेऊन थेट खेळण्यांच्या दुकानात जातात. दहा तारखेपर्यंत पाकिटं रिकामी होतात. वीसला त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं. नव्या मशीनचं ऐकून हळहळतील, पण पैसे परत मागायला येणार नाहीत.”

मग ओचिआई म्हणाले, “तुम्ही लहानपणी कसलं मूल होतात हो?”

सगळे हसले, कारण हसलं की बैठक संपते. मंजुरीचा कागद टेबलांवरून फिरला. त्यावर सात शिक्के उमटले. हिराइवांचा शिक्का सरळ, आणि त्याच्या उजवीकडच्या सहा जणांचे डावीकडे कललेले, साहेबांपुढे वाकून उभे राहिल्यासारखे. तसा रिवाजच होता. कुसाकाचा शिक्का सगळ्यांत जास्त कलला होता. तारीख त्याची होती ना.

आता माल खपवायचा. घाऊक व्यापारी दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आपली हिवाळी मागणी नोंदवत. त्यांतला सगळ्यांत जुना होता इनुई. मात्सुयामाची म्हणजे बाहुल्या, खेळणी, फटाके यांच्या घाऊक दुकानांची रांग. तिथे इनुईशेठची गादी. वय एकाहत्तर, कानाने तीक्ष्ण, दातांनी नकली. वाकायामा आणि शिकोकूच्या खेड्यांतल्या कागद-पेन्सिलीच्या दुकानांना माल जायचा तो इनुईकडून. इनुईने घेतला की बाकीची गल्ली घेते, इनुईने हात आखडला की गल्लीचे हात आखडतात.

कुसाका तेविसाव्या वर्षी नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याने एका मागणीत एक शून्य जास्त लिहिलं होतं. खेळण्यातल्या साठ यंत्रमानवांऐवजी सहाशे यंत्रमानव इनुईच्या दारात जाऊन पडले. इनुईने कंपनीला फोन केला नाही. सहाशेच्या सहाशे विकले आणि पोराला बोलावून एवढंच म्हणाला, “शून्य लिहिताना श्वास रोखून लिहायचं रे.” ही गोष्ट मिनागीत आजवर कोणाला माहीत नव्हती.

म्हणून त्या दिवशी वर्तमानपत्राच्या दुसऱ्या कडेला कुसाकाने इनुईचाही हिशेब मांडला. इनुईकडे जुने नऊ हजार नग पडून होते. कंपनीला हवं होतं की त्याने आणखी बारा हजार घ्यावेत. एकूण एकवीस हजार. नगामागे त्याला बाराशे येन सुटायचे. वीस जानेवारीपर्यंत अठरा हजार नक्की जातील, म्हणजे दोन कोटी सोळा लाखांची कमाई. पण खेड्यांतली विक्री संथ. तिथली मुलं एप्रिलात शाळा सुरू होईपर्यंत रेंगाळत खरेदी करतात. नव्या मशीनची बातमी फुटली की उरलेले तीन हजार नग तोट्यात फुंकावे लागणार, नगामागे पदरचे साडेतीन हजार घालून. एक कोटी पाच लाख. सगळं धरून इनुई एक कोटी अकरा लाखांनी वरच राहत होता. व्यापारात याला अन्याय म्हणत नाहीत.

तरी एक कोटी पाच लाख हा आकडा कुसाकाच्या स्वतःच्या फायद्याच्या फार जवळ होता. ते साम्य त्याला आवडलं नाही. त्याने वर्तमानपत्राची घडी घातली.

“अहो, आज मात्सुयामाचीला जाणार ना?” तो दारात बूट घालत असताना बायको नोरिएने विचारलं. “शेठना माझा नमस्कार सांगा. आणि दमल्यासारखे दिसू नका. माल खपवायला गेलेला माणूस दमलेला दिसला की लोक भाव पाडतात.”

“दिसत नाही मी. आहेच.”

“तेच म्हणतेय.”

व्यापाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि हातात काय असावं याचेही नियम आहेत. नव्या पोरांना पहिल्या वर्षी ते शिकवले जातात. मिनागीत गेली दहा वर्षं ते शिकवत होता खुद्द कुसाका. सहज भेटीला सेनबेई, म्हणजे तांदळाच्या खारट कुरकुरीत चकत्या, हलका पत्र्याचा डबा. लग्नकार्याला केक. आणि माफी मागायला जाताना योकान. योकान म्हणजे अझुकी नावाच्या लाल चवळीचे दाणे साखरेत आटवून थापलेली घट्ट पट्टी, विटेसारखी जड. चूक जितकी मोठी तितकी पट्टी जाड. “माफीचं ओझं आणणाऱ्याच्या दंडाला जाणवलं पाहिजे,” हे वाक्य कुसाका पोरांना दरवर्षी लिहून घ्यायला लावायचा.

दरवर्षी ऑक्टोबरात तो इनुईकडे सेनबेई न्यायचा. त्या दिवशी नांबाच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात सेनबेईच्या काउंटरवर सहलीला निघालेल्या बायकांची रांग होती, अकरा जणींची. शेजारचा योकानचा काउंटर मोकळा होता. कुसाकाचा गुडघा दुखत होता, आणि डोक्यात वीस जानेवारी होती. याच माणसाने मागच्या आठवड्यात उकडलेल्या अंड्यांसाठी पंधरा जणांच्या रांगेत उभं राहून दाखवलं होतं. पण ते जाऊ दे. त्याने मोकळ्या काउंटरकडे बोट केलं. दोन पट्ट्या. बाई म्हणाली, जाड की बारीक? तो म्हणाला, “जाड द्या.”

इनुईशेठ पुढच्या खोलीत योद्ध्यांच्या बाहुल्यांच्या खोक्यांमध्ये बसला होता. सून साचिए कोपऱ्यात हिशेबाच्या वह्यांशी.

“काय कुसाका, धंदा कसा?”

“रखडत चाललाय, शेठ.”

“रखडत का होईना, चाललाय ना? आमचा बसूनच आहे.”

हा रामराम झाला. ओसाकात याहून आनंदाची बातमी कोणी कोणाला सांगत नाही. कुसाकाने गुडघे टेकले आणि कापडात गुंडाळलेला डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला. इनुईने दोन्ही हातांनी उचलला. डबा हातांत आला आणि हात बोटभर खाली गेले.

ते बोटभर कुसाकाने पाहिलं. तळघरातल्या काउंटरपासून इथपर्यंत पंचवीस मिनिटं तो हा डबा हातात वागवत आला होता, आणि तो जड आहे हे त्याला आत्ता कळलं.

इनुईने डबा बाजूला ठेवला, त्यावर हात तसाच ठेवला. साचिएने वहीतून मान वर केली, डब्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली.

आता काय करणार? “शेठ, ही माफीची नाही हो, सेनबेईला रांग होती,” असं म्हणावं, तर ज्या माणसाच्या मनात माफी नसते त्याला असा खुलासा सुचतच नाही. तोंड उघडलं की आणखी अडकणार. म्हणून कुसाका वेगळ्या विषयावर बोलत सुटला, आणि ते जास्तच वाईट झालं. यंदा हिवाळा चांगला जाणार. बोनस भरपूर वाटलेत. हिबारीवर डिसेंबरात दोन मोठे गेम येतायत. बारा हजार म्हणजे काहीच नाही.

“तू इतका कधीपासून बोलायला लागलास?” इनुई म्हणाला.

“वयाचा परिणाम, शेठ.”

“माझा उलटा झाला. मी कमी बोलतो आणि जास्त ऐकतो.” त्याने चहा पुढे सरकवला. “बरं, एक सांग. नवं मशीन येतंय का?”

कंपनीचं ठरलेलं उत्तर होतं, ‘सध्या काही निश्चित नाही.’ कुसाकाने ते गिळलं. निदान खरं तरी बोलू, असं त्याला वाटलं.

“वर्ष संपेपर्यंत काही नाही. शब्द देतो.”

शब्द अगदी खरा होता. वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं. इनुईने त्याच्याकडे बघितलं, मग डब्यावरच्या आपल्या हाताकडे.

“बरं,” तो म्हणाला. “दोन दिवसांत कळवतो. जा घरी, दमलेला दिसतोस.”

दोन दिवसांनी सकाळी फॅक्स आला. साचिएचं वळणदार अक्षर: हिबारी मशीन, हिवाळी मागणी, शून्य नग. त्याखाली हवापाण्याची एक ओळ आणि तब्येतीला जपा अशी दुसरी.

त्याच दिवशी दुपारी गल्लीत कळलं, की इनुई पडून असलेले नऊ हजार नग नऊ हजार सातशेला फुंकतोय. तेरा हजार दोनशेला घेतलेली वस्तू! पंधरवड्यात सगळे गेले. खेड्यापाड्यांतल्या दुकानदारांनी पाठवा म्हणून तारा कराव्यात तसे फोन केले. बाकीच्या व्यापाऱ्यांनी सरळ हिशेब केला. इनुई नगामागे साडेतीन हजार जाळतोय म्हणजे त्याला काहीतरी कळलंय. त्याला कोणाकडून कळणार? मिनागीचा कुसाका त्याच्याकडे तीस वर्षं जातो. कधी कळलं? मंगळवारी. म्हणजे नवं मशीन वर्षअखेरीआधीच येतंय. एकामागून एक मागणी आखडली. खेळण्यांच्या धंद्याचं साप्ताहिक निघायचं, चार पानी. त्याने पहिल्या पानावर छापलं, ‘हिबारीचा वारस नाताळाआधी?’ प्रश्नचिन्ह अगदी बारीक टाइपात होतं.

कुसाकाचा फोन वाजायचा थांबेना. “सध्या काही निश्चित नाही,” तो म्हणायचा. चाळिसाव्यांदा म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटू लागला.

“कुसाकासाहेब, आम्हाला सांगा ना. इनुईला सांगितलंत, आम्ही काय घोडं मारलं तुमचं?”

“मी कोणाला काही सांगितलं नाही.”

“हो हो, असंच म्हणायचं असतं,” पलीकडचा समजूतदारपणे म्हणायचा, आणि मागणी रद्द करायचा.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला कुसाकाला वर बोलावलं. टेबलापलीकडे हिराइवा आणि माणसांच्या बदल्या-बढत्या पाहणारा तोकोरो. तोकोरोसमोर कोरा कागद.

“काय सांगितलंत इनुईला?” हिराइवांनी विचारलं.

“वर्ष संपेपर्यंत नवं मशीन नाही, एवढंच. आणि ते खरं आहे.”

“दुसरं काही?”

“हवापाणी.”

“एखादा इशारा? भुवई उडवली? सुस्कारा टाकला?”

“सुस्कारे मी इथे टाकतो, साहेब. बाहेर नाही.”

तोकोरो पहिल्यांदाच बोलला. “बोलला नाहीत ते ठीक. नेलं काय?”

कुसाकाने तोकोरोसमोरच्या कोऱ्या कागदाकडे बघितलं.

“मिठाई नेली असेल ना?”

“नेली.”

“कुठली?”

“योकान.”

हिराइवांनी चष्मा काढला. तोकोरोने लेखणी खाली ठेवली. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“किती?” हिराइवांनी हळू विचारलं.

“दोन पट्ट्या.”

“जाड की बारीक?”

“जाड.”

“अहो, मग तुम्ही पत्रकार परिषदच घेऊन आलात की!” हिराइवा उठून उभे राहिले, बसले. “पोरांना तुम्हीच शिकवता ना हे? तुम्हीच!”

“सेनबेईला रांग होती, साहेब.”

“केवढी?”

“अकरा जणींची.”

“अकरा!” हिराइवा छताकडे बघत म्हणाले. “अकरा बायका आणि तीन लाख मशीनं.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता, आणि त्यामुळेच कुसाकाला त्याचं जास्त वाईट वाटलं. “माफी कशाची मागत होतात हो? सगळं धरून तो फायद्यातच होता. मी पण हिशेब केलाय.”

“मीही केला होता.”

“मग?”

हे कुसाकाला माहीत असतं तर तो रांगेत उभा राहिला असता.

पुढचं सरळ होतं. अफवा खोटी आहे असं जाहीर करावं, तर वीस जानेवारीला कंपनीच खोटी ठरणार. गप्प राहावं, तर जुनं खपत नाही ते नाहीच, आणि नव्याची हवाही होत नाही. तसेही समोरचे लोक नोव्हेंबरात त्यांचं मशीन दाखवणारच होते. जुन्याची विक्री मेलीच आहे, तर निदान नव्याचं श्राद्ध नको, असं ओचिआई म्हणाले, आणि नवा कागद फिरला. सात शिक्के पुन्हा उमटले. या वेळी कुसाकाचा शिक्का सरळ उमटला. बाकीच्यांना वाटलं त्याचा माज आहे. खरं म्हणजे एका कानाला फोन धरून त्याने तो लावला, आणि कलवायचं राहून गेलं.

चौदा नोव्हेंबरला हॉटेलच्या दालनात कंपनीच्या अध्यक्षांनी हिबारी-दोन हातात धरून दाखवलं. आतून ते पोकळ होतं, नुसतं कवच. आतलं सामान वरच्या मजल्यावर अजून तारांत लोंबत होतं. छायाचित्रं मात्र चांगली आली. धंद्याच्या साप्ताहिकाने लिहिलं, की ऐन हंगामात जुन्या मालाची पर्वा न करता भविष्य दाखवणं याला छाती लागते, आणि ती हिराइवांच्या विक्रीखात्याने दाखवली. हिराइवांनी ते कात्रण कापून ठेवलं. कुसाकाने तेच पान जेवणाच्या डब्याखाली अंथरलं.

वर्षअखेरीस गोदामात एक लाख नव्वद हजार हिबारी मशीनं उरली. फेब्रुवारीत कुसाकाच्या बदलीचा कागद आला: फुकुचियामा, सुट्या भागांचं भांडार, व्यवस्थापक. पगार महिना अडतीस हजारांनी कमी. बायको ओसाकातच राहणार, त्याने तिकडे एकट्याने खोली घ्यायची. असंच करतात सगळे.

“तिकडे थंडी फार,” नोरिए पेटीत जाड बनियनं भरत म्हणाली. “आणि तुम्हाला भात लावता येत नाही.”

“शिकेन.”

“बावन्नाव्या वर्षी?”

“काम कमी आहे तिकडे. शिकायला वेळच वेळ.”

ती पेटी बंद करायची थांबली. “खरं सांगा, रांग होती ना?”

“होती.”

“मग तुमची काय चूक,” ती म्हणाली, आणि पेटीवर बसली, कारण झाकण बसत नव्हतं.

निघायच्या आधी कुसाका इनुईशेठचा निरोप घ्यायला गेला. या वेळी रिकाम्या हाताने. काय न्यावं हे ठरवायची त्याच्यात ताकद नव्हती. मनात मात्र एक गोष्ट होती. शेठला खरं सांगायचं. नोव्हेंबरात मशीन दाखवायचंच नव्हतं. तुम्ही माल फुंकला, गल्लीने पाहिलं, म्हणून ते नोव्हेंबरात दाखवावं लागलं. तुम्ही बारा हजार घेतले असते तर एक कोटी अकरा लाख आज तुमच्या पेटीत असते. तीस वर्षांच्या ओळखीत एवढं तरी सरळ बोलावं असं त्याला वाटत होतं. शून्य लिहिताना श्वास रोखावा तसा श्वास रोखून तो आत शिरला.

इनुईने त्याला पाहिलं आणि चक्क उठून उभा राहिला. हा माणूस बँकेच्या मॅनेजरसाठी उठत नसे.

“ये. बस. साचिए, चांगला चहा काढ, पाहुण्यांचा नको, आपला.” मग खाली बसत, आवाज खाली आणत तो म्हणाला, “तुझी बदली ऐकली. मला सगळं समजतं रे. तू माझ्यामुळे गेलास.”

“तसं नाही, शेठ...”

“गप. मी माणसं वाचत आलोय पन्नास वर्षं. तोंड तू कंपनीचं वापरलंस, वापरायलाच हवं होतं. पण हात तुझे होते.” त्याने आपले दोन्ही तळवे वर केले, बोटभर खाली नेले. “पलीकडचा सुगिहारा बघ. पाच हजार नग उरावर घेऊन बसलाय. दिवाळं निघायची वेळ आली. कोपऱ्यावरच्या नागायांनी दोन हजार घेतले, रोज देवळात जातात. आणि मी? साडेतीन हजार जाळून मोकळा झालो. नोव्हेंबरात बातमी आली तेव्हा माझं गोदाम झाडून पुसून स्वच्छ. ते कोणामुळे?”

“शेठ, खरी तारीख...”

“नको सांगू!” इनुई जवळजवळ ओरडला. “आता का सांगतोस? तू काही सांगितलं नाहीस यातच तर सगळं आलं. सांगितलं असतंस तर तू बेइमान, न सांगता मी बुडालो असतो तर तू कृतघ्न. दोन्ही टाळलंस. असं पोर मी पाहिलं नाही.” त्याचे डोळे भरून आले होते. “तुझं ते सहाशे यंत्रमानवांचं फिटलं बरं का. व्याजासकट फिटलं.”

कुसाकाने चहा उचलला. चहा खरंच चांगला होता. तो प्यायचा म्हणून तेवढा वेळ बोलता आलं नाही, आणि संपला तेव्हा इनुई बाहुल्यांच्या धंद्यावर गेला होता. व्हिडिओ गेमचा काउंटर त्याने बंदच केला होता. आता पुन्हा फक्त बाहुल्या. बाहुल्यांचा दुसरा भाग निघत नाही म्हणे.

साचिए दारापर्यंत पोचवायला आली. गल्लीत सुगिहाराच्या दारासमोर हिबारीची खोकी रस्त्यापर्यंत रचलेली होती, वर पाटी: ‘कोणत्याही भावात.’

“कुसाकासाहेब,” ती म्हणाली, “तारीख नोव्हेंबरची नव्हती ना?”

तो बूट घालत होता. घालत राहिला.

“मी वह्या बघते ना. चौदा नोव्हेंबरला दाखवलं ते मशीन पोकळ होतं असं ऐकलं. ठरवून दाखवायचं असतं तर कोणी पोकळ दाखवतं का?” ती थोडी थांबली. “जानेवारी?”

“वीस.”

तिने मनातल्या मनात हिशेब केलेला त्याला दिसला. हिशेबी माणसाचे ओठ हलतात. अठरा हजार, बाराशे, तीन हजार, साडेतीन हजार. ओठ थांबले.

“मामंजींना सांगू नका,” ती म्हणाली. “आयुष्यातला सगळ्यांत हुशार सौदा म्हणून गल्लीभर सांगत फिरतात. सुगिहारांना तर रोज सांगतात. त्यांच्याकडे आता एवढंच उरलंय.”

“आणि तुम्ही?”

“मी काय. मला उद्या बँकेत जायचंय.” तिने वाकून नमस्कार केला, अगदी खोल, पाहुण्याला करतात त्याहून खोल, आणि दार ओढून घेतलं.

तो नमस्कार कसला होता, हे कुसाकाने फुकुचियामाच्या गाडीत बसेपर्यंत ठरवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

मिनागीचे या प्रकारात एकशे नव्वद कोटी गेले. हिबारी-दोनने ते पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या आत भरून काढले. हिराइवा संचालक झाले, त्यांना काही भरावं लागलं नाही. ओचिआईंना हवी होती ती तारीख मिळाली, फुकट. कुसाकाचे एक कोटी दोन लाख बत्तीस हजार आलेच नाहीत, आणि पगारातून आठ वर्षांत छत्तीस लाख अठ्ठेचाळीस हजार कमी झाले. सुगिहाराने दुकान विकलं. इनुईशेठने नऊ हजार नगांपायी रोख तीन कोटी पंधरा लाख भरले, मिळाले असते ते एक कोटी अकरा लाख सोडले, आणि वर आभार मानले.